रिकाम्या कवचाची लस

२०२१ मध्ये वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या तालुक्यांतील लसीकरण केंद्रांवर ज्यांनी कोविशील्ड टोचून घेतली, त्या सर्वांच्या दंडातून प्रयोगशाळेत घडवलेला एक विषाणू शरीरात गेला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या या लशीचा गाभा म्हणजे मुळात चिंपांझींमध्ये आढळणारा एक अ‍ॅडिनोव्हायरस होता. त्याला स्वतःच्या प्रती काढण्यासाठी लागणारे जनुक काढून टाकलेले होते आणि करोना विषाणूच्या पृष्ठभागावरील काटेरी प्रथिनाचे जनुक त्याच्यात बसवलेले होते. असा विषाणू पेशीत शिरतो, आणलेला संदेश तिच्या स्वाधीन करतो आणि तिथेच संपतो. पेशी मात्र त्या संदेशाबरहुकूम परके प्रथिन घडवू लागते आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या प्रथिनाची ओळख पटवून घेते. या कामासाठी घडवलेल्या विषाणूला ‘वाहक विषाणू’ म्हणतात. महामारीपूर्वी ही कल्पना मुख्यत्वे संशोधकांच्या वर्तुळापुरती होती, आणि त्या वर्तुळात तिच्याकडे ज्या रोगांसाठी आशेने पाहिले जात होते त्यांत कर्करोगाचे नाव वरचे होते, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या लक्षात नाही.

कर्करोगाविरुद्ध विषाणूंना राबवण्याचे तीन-चार मार्ग गेल्या चार दशकांत पुढे आले. कुठे विषाणूकडून कर्करोगाची खूणगाठ प्रतिकारयंत्रणेपर्यंत पोहोचवून घेतली गेली, कुठे त्याला थेट गाठीत सोडून पेशी फोडायला लावले गेले, कुठे रुग्णाच्या पांढऱ्या पेशींत नवे जनुक बसवण्यासाठी त्याचा उपयोग झाला, आणि कुठे त्याचे फक्त बाहेरचे कवच घेऊन बाकीचा विषाणू टाकून देण्यात आला. हे मार्ग शेजारी ठेवून पाहिले तर एक विलक्षण गोष्ट जाणवते, ती अशी की विषाणूकडून जितके कमी काम करून घेतले गेले, तितका त्याचा लाभ अधिक माणसांपर्यंत गेला. महाराष्ट्राच्या संदर्भात तर हे अधिकच खरे आहे, कारण यांपैकी सर्वांत साधा मार्ग पुण्यात आणि बार्शीत आकाराला आला आणि वाशिमसारख्या जिल्ह्याच्या आवाक्यात येऊ शकतो तो तेवढाच.

आधी अवघड मार्गांचा विचार करणे बरे. करोनाचे काटेरी प्रथिन शरीराला संपूर्ण परके असते, त्यामुळे ते दिसताच प्रतिकारयंत्रणा सावध होते. कर्कपेशी मात्र शरीराच्याच असतात, त्यांच्यावरील बहुतेक प्रथिने निरोगी पेशींवरही असतात, आणि स्वतःच्या प्रथिनांवर हल्ला न करण्याचे वळण प्रतिकारपेशींना सुरुवातीपासूनच लागलेले असते. या वळणाला प्रतिकारशास्त्रात ‘सहनशीलता’ म्हणतात. शिवाय वाढलेली गाठ आपल्याभोवती असे रासायनिक वातावरण निर्माण करते की तिथे पोहोचलेल्या टी पेशी, म्हणजे रोगट पेशींना ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, निष्प्रभ होतात. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी अमेरिकेत बनवलेल्या प्रॉस्टव्हॅक या लशीची कहाणी या दृष्टीने बोलकी आहे. देवीच्या लशीत पूर्वी वापरला जाणारा व्हॅक्सिनिया विषाणू आणि कोंबड्यांच्या देवीचा विषाणू अशा दोन वाहकांमध्ये प्रोस्टेटमधील एका प्रथिनाचे जनुक बसवलेले होते, सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांतून रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे संकेतही मिळाले होते. परंतु सुमारे १,३०० रुग्णांवरील मोठ्या चाचणीत लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांच्या आयुष्यात काहीच फरक दिसला नाही आणि २०१७ मध्ये ती थांबवावी लागली. वाहकाने संदेश पोहोचवला होता, पण ऐकणाऱ्याने तो आपल्याच माणसाविरुद्धचा म्हणून बाजूला ठेवला.

गाठीत थेट विषाणू टोचण्याचा मार्ग यापेक्षा थोडा पुढे गेला. ओठांवर पुटकुळ्या आणणाऱ्या हर्पीस विषाणूची दोन जनुके काढून आणि प्रतिकारपेशींना बोलावून आणणाऱ्या एका मानवी प्रथिनाचे जनुक त्यात घालून बनवलेल्या औषधाला, ज्याचे संक्षिप्त नाव टी-व्हेक आहे, मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. काढलेल्या जनुकांपैकी एकाच्या अभावी हा विषाणू निरोगी पेशींत नीट वाढू शकत नाही, मात्र ज्यांची विषाणूविरोधी संरक्षणव्यवस्था आधीच मोडलेली असते अशा कर्कपेशींत वाढून तो त्या फोडतो. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेल्या प्रथिनांचा मारा झाल्यावर प्रतिकारयंत्रणेला कर्करोगाची ओळख जागच्या जागी घडते, आणि म्हणून त्याला गाठीतच तयार होणारी लस असेही म्हटले जाते. चाचणीत या उपचाराला दीर्घकाळ टिकणारा प्रतिसाद देणाऱ्या रुग्णांचे प्रमाण १६.३ टक्के होते, तर तुलनेच्या गटात ते २.१ टक्के होते. फरक मोठा असला तरी सहा रुग्णांमागे पाचांना तसा लाभ झाला नाही, हेही त्याच आकड्यांतून दिसते. पुढे २०२१ मध्ये जपानने मेंदूच्या गाठींसाठी अशाच एका हर्पीस विषाणूला सशर्त मान्यता दिली आणि २०२२ च्या अखेरीस अमेरिकेने मूत्राशयाच्या कर्करोगासाठी इंटरफेरॉनचे जनुक वाहून नेणाऱ्या अ‍ॅडिनोव्हायरसला मान्यता दिली.

मुंबईतही घडवलेल्या विषाणूचा उपयोग झाला, मात्र तिथे तो रुग्णाला टोचला जात नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ या उपचारात रुग्णाच्या टी पेशी रक्तातून वेगळ्या काढून, एचआयव्हीच्या कुळातील पण रोग निर्माण करण्याची क्षमता काढून घेतलेल्या लेंटीव्हायरसच्या साहाय्याने त्यांच्यात एक जनुक बसवले जाते आणि मग त्या पेशी परत शरीरात सोडल्या जातात. त्या जनुकामुळे बी पेशींवरील सीडी-१९ हे प्रथिन ओळखणारे नवे ग्राही रेणू या टी पेशींवर उगवतात आणि त्या विशिष्ट प्रकारच्या रक्तकर्करोगातील पेशींवर तुटून पडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने त्याला परवानगी दिली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे औपचारिक लोकार्पण झाले. भारतातच विकसित झालेला हा पहिला असा उपचार परदेशी उपचारांच्या तुलनेत कितीतरी स्वस्त असला, तरी आरंभी त्याचा खर्च चाळीस लाख रुपयांच्या आसपास होता आणि तो अतिदक्षतेची सोय असलेल्या मोजक्याच रुग्णालयांत देता येतो. एकेका रुग्णासाठी स्वतंत्रपणे घडवावा लागणारा उपचार कितीही अद्भुत असला तरी लस म्हणून त्याची गणना करता येत नाही.

आता त्या साध्या मार्गाकडे वळता येईल. काही कर्करोग विषाणूंमुळेच होतात, आणि तिथे प्रतिकारयंत्रणेपुढील सगळी अडचणच नाहीशी होते, कारण ओळखायचे असते ते स्वतःचे प्रथिन नव्हे, तर बाहेरून आलेल्या विषाणूचे. विषाणूचा आणि कर्करोगाचा संबंध शोधण्याच्या कामात मराठी संशोधकांचा वाटा जुना आहे. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, ज्याची स्थापना डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये झाली, डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांच्या स्तनांच्या कर्करोगावर दीर्घकाळ काम केले. त्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू आईच्या दुधातून पिलांकडे जातो, हे अमेरिकेत आधीच दिसून आले होते. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या रणदिवे पेशीसंवर्धनाचे तंत्र शिकण्यासाठी बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या होत्या. याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून ‘हेला’ पेशी वाढवल्या गेल्या, ज्या आजही जगभर प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्या पेशींच्या आत मानवी पॅपिलोमा विषाणूच्या अठराव्या प्रकाराचे जनुक दडलेले असल्याचे तीस वर्षांहून अधिक काळानंतर उघड झाले.

ते उघड करणारे जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी १९८३ आणि १९८४ मध्ये या विषाणूचे सोळावा आणि अठरावा हे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून वेगळे केले आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पॅपिलोमा विषाणू, ज्याला संक्षेपाने एचपीव्ही म्हणतात, लैंगिक संबंधांतून पसरतो. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, परंतु काहींच्या बाबतीत तो ठाण मांडून बसतो. अशा वेळी त्याची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिने घात करतात, कारण पेशीतील बिघाड तपासून विभाजन थांबवणाऱ्या पी-५३ या प्रथिनाचा पहिले नाश करते आणि विभाजनाला लगाम घालणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाला दुसरे निकामी करते. दोन्ही पहारेकरी गेल्यावर पेशी बेलगाम वाढू लागतात, तरीही संसर्गापासून प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत साधारणपणे पंधरा-वीस वर्षे जातात. भारतात २०२२ मध्ये या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार स्त्रियांचा मृत्यू झाला, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

हा विषाणू नेहमीच्या रीतीने वाढवून, मारून त्याची लस करणे शक्य नव्हते, कारण एकतर तो प्रयोगशाळेतील पेशींत सहजी वाढत नाही आणि दुसरे म्हणजे ज्या जनुकांमुळे कर्करोग होतो तीच निरोगी मुलींना टोचणे कोणालाही मान्य झाले नसते. यावरचा उपाय ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे जियान झोउ आणि इयन फ्रेझर यांना १९९१ मध्ये सापडला. विषाणूच्या बाहेरील कवचाचे एल-१ नावाचे एकच प्रथिन जरी पेशीत तयार करवले, तरी त्याचे ३६० रेणू पाच-पाचांचे गट करून आपोआप एकत्र येतात आणि खऱ्या विषाणूसारखा हुबेहूब गोळा तयार होतो, असे या वाटेवरील संशोधनातून दिसले. बाहेरून पाहता तो विषाणूच असतो, पण आत जनुकद्रव्य नसल्याने दाणे न भरलेल्या पोचट शेंगेसारखा तो कशालाही जन्म देऊ शकत नाही. अशा गोळ्यांना विषाणूसदृश कण म्हणतात, आणि त्यांच्या पृष्ठभागावर एकाच आकृतीची शेकडो वेळा पुनरावृत्ती झालेली असल्याने प्रतिकारयंत्रणा त्यांच्याविरुद्ध जितकी प्रतिपिंडे तयार करते तितकी ती प्रत्यक्ष संसर्गानंतरही करत नाही. निसर्गातील विषाणूपेक्षा माणसाने घडवलेले रिकामे कवच अधिक चांगला शिक्षक ठरावे, ही या सगळ्या इतिहासातील सर्वांत समाधानकारक बाब म्हणावी लागेल.

याच तत्त्वावरची पहिली लस २००६ मध्ये अमेरिकेतून बाजारात आली, पण तिची किंमत भारतातील बहुसंख्य कुटुंबांना झेपणारी नव्हती. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने हान्सेन्युला पॉलिमॉर्फा या यीस्टमध्ये, म्हणजे किण्व कुळातील एकपेशीय बुरशीत, विषाणूच्या ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांची कवचप्रथिने तयार करून ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस बनवली. किण्वनाच्या मोठ्या टाक्यांत यीस्ट वाढवायची, पेशी फोडून प्रथिन शुद्ध करायचे, त्याचे कण बनू द्यायचे आणि मग ते अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराला चिकटवायचे, ज्यामुळे प्रतिकारयंत्रणेचे लक्ष त्यांच्याकडे अधिक काळ वेधले जाते, अशी ही प्रक्रिया आहे. जुलै २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये लस बाजारात आली, तेव्हा दोन मात्रांच्या कुपीची किंमत २,००० रुपये ठेवण्यात आली होती. नेक्सकार-१९ च्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवला की वर मांडलेल्या मुद्द्यासाठी वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

एचपीव्ही लशीच्या वापराविषयीचा सर्वांत महत्त्वाचा शोध मात्र प्रयोगशाळेत लागला नाही. तो एका खंडित झालेल्या चाचणीतून लागला आणि त्यात सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचा सहभाग होता. १९८७ पासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही चालवणाऱ्या बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयासह, मुंबई आणि पुण्यातील संस्था धरून देशभरातील अनेक केंद्रांवर, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सप्टेंबर २००९ मध्ये दहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलींना अमेरिकी लशीच्या दोन आणि तीन मात्रा देऊन तुलना करण्यास सुरुवात केली. त्याच सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे दुसऱ्याच एका संस्थेच्या लसीकरण प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाल्याने मोठा गदारोळ उठला. चौकशीत या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, परंतु पालकांची संमती घेण्याच्या पद्धतीत गंभीर दोष होते आणि संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कठोर ताशेरे ओढले, जे योग्यच होते. एप्रिल २०१० मध्ये सरकारने सर्वच चाचण्यांतील लसीकरण थांबवले, आणि दोन वा तीन मात्रा मिळणे अपेक्षित असलेल्या सुमारे १७,७०० मुलींपैकी जवळपास पाच हजार जणींना एकच मात्रा मिळून राहिली.

संशोधकांनी त्या मुलींना सोडून दिले नाही. डॉ. आर. शंकरनारायणन आणि पुढे डॉ. पार्थ बसू यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला, लग्नानंतर नमुने तपासले गेले, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेने दिलेले संरक्षण ९५.४ टक्के होते, जे तीन मात्रांच्या ९३.३ टक्क्यांपेक्षा कुठेही कमी नव्हते. केनियातील एका चाचणीनेही तसेच दाखवले आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वर्षे वयोगटात एका मात्रेचा पर्याय मान्य केला. ज्या निर्णयाने चाचणी मोडली त्याच निर्णयामुळे तिचा सर्वांत मौल्यवान निष्कर्ष हाती आला. मुद्दाम आखून कोणी पाच हजार मुलींना अपुरी समजली जाणारी मात्रा दिली नसती, आणि कोणत्याही नीतिमत्ता समितीने तशी परवानगीही दिली नसती.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख लोकसंख्येच्या वाशिम जिल्ह्यासाठी या निष्कर्षाचे महत्त्व कागदावर दिसते त्याहून अधिक आहे. नीती आयोगाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आकांक्षित म्हणून निवडले त्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबाद यांच्यासोबत वाशिम होता. इथली शेती मुख्यत्वे पावसावर आणि सोयाबीनवर चालते, आणि खरिपाचे पीक निघाल्यावर तांड्यांवरची व वस्त्यांवरची अनेक कुटुंबे कामासाठी बाहेरगावी जातात. दुसरी मात्रा सहा महिन्यांनी द्यायची असेल, तर जुलैमध्ये शाळेत लस घेतलेली मुलगी जानेवारीत त्याच शाळेत असेलच, असे धरून चालता येत नाही. एकाच मात्रेने काम भागत असेल तर आरोग्यसेविकेला तिला पुन्हा शोधत फिरावे लागत नाही.

रिकाम्या कवचाला लागणारी व्यवस्थाही गावाला अनोळखी नाही. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते आणि ती गोठून चालत नाही, कारण गोठल्यावर अ‍ॅल्युमिनियमचे कण गुठळ्या करून तळाशी बसतात आणि लस निकामी होते. नेमकी हीच काळजी प्राथमिक आरोग्य केंद्रांतील कर्मचारी बाळांच्या पेंटाव्हॅलंट लशीबाबत आजही घेतात, आणि शंका आली की कुपी हलवून पाहण्याची परीक्षा त्यांना ठाऊक असते. पेंटाव्हॅलंटचा उल्लेख इथे आणखी एका कारणाने करावासा वाटतो. तिच्यातील एक घटक हिपॅटायटिस-बी विरुद्धचा आहे, तोही यीस्टमध्ये तयार केलेल्या विषाणूच्या पृष्ठप्रथिनाच्या रिकाम्या कणांचा असतो, आणि हिपॅटायटिस-बी हे यकृताच्या कर्करोगाचे एक प्रमुख कारण आहे. तैवानने १९८४ पासून बाळांना ही लस द्यायला सुरुवात केल्यावर तिथल्या मुलांमधील यकृताचा कर्करोग लक्षणीयरीत्या घटला. म्हणजे कर्करोगाविरुद्धची लस वाशिममधील उपकेंद्रांवर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळांना नियमित दिली जाते, फक्त तिला कोणी त्या नावाने ओळखत नाही.

कवचाच्या या लशीची मर्यादाही तिच्या रिकामेपणातूनच येते. तिने निर्माण केलेली प्रतिपिंडे विषाणूला पेशीत शिरण्यापूर्वी पकडतात, परंतु विषाणू आधीच ज्यांत बसला आहे त्या पेशींच्या पृष्ठभागावर एल-१ प्रथिन दिसत नाही, त्यामुळे जुन्या संसर्गावर ती काहीच करू शकत नाही. म्हणून ती ९ ते १४ वर्षांच्या वयात द्यायची असते, आणि म्हणूनच त्या मुलींच्या आयांना तिचा फारसा उपयोग नाही. या आयांसाठी ई-६ आणि ई-७ वर नेम धरणाऱ्या उपचारात्मक लशी हव्यात, आणि वाहक विषाणूंचे संशोधन पुन्हा इथे उपयोगी पडू लागले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने गोरिलाच्या अ‍ॅडिनोव्हायरसमध्ये एचपीव्हीच्या सहाव्या आणि अकराव्या प्रकारांची जनुके बसवून केलेल्या एका उपचाराला श्वासमार्गात वारंवार वाढणाऱ्या गाठींसाठी मान्यता दिली. या गाठी कर्करोगाच्या नसल्या, तरी विषाणूने आधीच व्यापलेल्या पेशी घडवलेल्या विषाणूकरवी नष्ट करता येतात, हे त्यातून दिसले.

तोवर आयांच्या पिढीला आधार आहे तो तपासणीचा, आणि तिचे मोलही महाराष्ट्रातच सिद्ध झाले. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेल्या अभ्यासात, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळे आणि त्यानंतरच्या उपचारामुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणी न देता फक्त माहिती दिली गेली, यावर पुढे टीका झाली आणि ती सहज झटकून टाकता येणारी नाही. सध्या आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील स्त्रियांची तपासणी मुख्यत्वे सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल गर्भाशयमुखावर लावून केली जाते. एका मिनिटात संशयित भाग पांढरा दिसू लागतो. ही पद्धत स्वस्त असली तरी तपासणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असल्याने एचपीव्ही तपासणीइतकी भरवशाची नाही.

लसीकरणाचे फळ मोजायला मात्र काळ आणि नोंदी दोन्ही लागतात. सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्या स्त्रियांमध्ये हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळल्याचे स्वीडनमधील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, ते सोळा लाखांहून अधिक मुली व स्त्रियांच्या लसीकरणाच्या आणि कर्करोगाच्या राष्ट्रीय नोंदी एकमेकींशी जोडता आल्यामुळे. विदर्भात लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदवह्या नागपूर आणि वर्धा येथे आहेत. मानोऱ्याच्या एखाद्या शाळेत लस घेणारी अकरा वर्षांची मुलगी चाळिशीत पोहोचेल तोपर्यंत तिच्या लशीची नोंद टिकलेली असणे आणि तिच्या पिढीतील कर्करोगाच्या नोंदी, उपचार अकोल्यात झाले असोत की मुंबईत, तिच्या जिल्ह्याच्या नावावर जमा झालेल्या असणे, एवढे झाले तरच वाशिमपुरते या लशीचे उत्तर आकड्यांत देता येईल.